कंसातली दोन वाक्यं

पुढच्या बाकावरच्या दोघींपैकी एक म्हणाली, "सुटलो बाई आपण, तो ऐकण्याचा तास काढून टाकलाय म्हणे यंदापासून." दुसरीनं विचारलं, "काढला? कोणी?" पहिली खांदे उडवून म्हणाली, "कोणी म्हणजे? मंडळानं." आणि मागे बसलेले परिचारिका विद्यालयाच्या अभ्यासमंडळाचे सचिव दांडी धरून पुढं वाकले. बस सिग्नलला उभी होती. दोघींच्या अंगावर शिकाऊ परिचारिकांचा फिकट निळा गणवेश होता, आणि एकीच्या कॉलरवर आयोडीनचा जुना डाग होता. मंडळानं! जसं काही मंडळ म्हणजे ऊन किंवा वारा. आलं आणि गेलं, कोणाला विचारायची सोय नाही. मंडळ म्हणजे नऊ माणसं, एक लांबट टेबल, मऊ पडलेल्या बिस्किटांच्या तीन बश्या, आणि टेबलाच्या कोपऱ्याशी बसून या सगळ्यांचं बोलणं लिहून घेणारे ते स्वतः. पोरींनी काहीतरी अर्धवट ऐकलं असणार, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तो तास ठेवायचा की काढायचा हे ठरलंच कुठं होतं? गेल्या सभेत बाब आठवर दीड तास गेला, मग अध्यक्षबाईंचा फोन वाजला, त्या पर्स उचलून उठल्या, त्यांच्यामागून सगळेच उठले. बाब नऊ आलीच नव्हती. हे त्यांना लख्ख आठवत होतं. तरीही मांडीवरची बॅग त्यांनी उघडली. आज अकरा वाजता पुन्हा सभा होती, आणि तिची पहिली बाब सगळ्याच सभांची असते ती : मागील इतिवृत्त कायम करणे. त्या इतिवृत्ताची प्रत फाइलीत वरच होती. बस सुटली, अक्षरं हलायला लागली, म्हणून त्यांनी कागद समोरच्या बाकाच्या दांडीला टेकवून धरला. ‘बाब ९. तृतीय वर्षाचा रुग्णश्रवण हा तास. सदर तासाचे मूल्यमापन होत नसल्याकडे व त्याचा कोणताही लेखी पुरावा राहत नसल्याकडे काही सदस्यांनी लक्ष वेधले. साधकबाधक चर्चेअंती सदर तास अभ्यासक्रमातून वगळण्याचा निर्णय सर्वानुमते घेण्यात आला.’ खाली, दुसऱ्या दिवशी शिपायानं कागद फिरवून आणलेल्या, नऊ सह्या. आणि दहावी, ‘सचिव’ या शब्दावर नीट बसवलेली, त्यांची स्वतःची.

वाक्य त्यांचंच होतं. ‘साधकबाधक चर्चेअंती’ हे चार चाकांवर पळणारं गाडं गेली पंधरा वर्षं त्यांच्याच दारातून सुटत होतं. पंधरा वर्षांपूर्वी पहिल्या सभेनंतर ते रात्रीचा दिवस करून इतिवृत्त लिहीत बसले होते, तेव्हा अध्यक्षबाई (तेव्हा त्या नुसत्या विभागप्रमुख होत्या, केसही काळे होते) त्यांच्या खांद्यावरून डोकावून म्हणाल्या होत्या, "अहो भाऊसाहेब, सभा झाल्यावर लिहायला बसलात तर जन्म जाईल तुमचा. आधी लिहून ठेवा. माणसं काय बोलणार हे ठरलेलं असतं हो. तुम्हाला काय वाटतं, मी उद्या काहीतरी नवीन बोलणार आहे?" आणि खरंच होतं ते. दुसऱ्या सभेला त्यांनी आदल्या दिवशीच सगळं लिहून ठेवलं आणि दहातल्या नऊ बाबी जशाच्या तशा उतरल्या. हाडांच्या बाई (शरीररचना शिकवतात म्हणून त्यांना सगळे हाडांच्या बाई म्हणत, आणि त्याही फोनवर तसंच सांगत) प्रत्येक नव्या गोष्टीला विरोध करणार; औषधवाले सर पुरावा मागणार; बाकीचे घड्याळ बघणार. जिथं निकाल इकडेतिकडे व्हायचा संभव असेल तिथं ते दोन वाक्यं लिहून ठेवत, दोन्ही कंसात. एक ठेवण्याचं, एक काढण्याचं. सभा संपली की नको ते वाक्य पुसायचं, हव्या त्या वाक्याचे कंस काढायचे, की झालं इतिवृत्त. चहाचे कप उचलले जायच्या आत सह्यांना तयार. सह्या करताना वाचतो कोण? लग्नाच्या पंगतीत पान वाढलं की जेवतात माणसं, आचाऱ्याचं नाव विचारत नाहीत. बाब नऊलाही अशी दोन वाक्यं होती. चर्चाच झाली नाही म्हटल्यावर दोन्ही पुसून ‘वेळेअभावी पुढील सभेत’ एवढंच लिहायचं होतं. त्यांनी एकच पुसलं. ठेवण्याचं. त्या संध्याकाळी संगणकासमोर बसलेला आपला पाठमोरा आकार त्यांना दिसत होता, पण बोट कुठल्या ओळीवर गेलं, का गेलं, मनात काय होतं, हे काही केल्या दिसेना. घाई होती. बायकोचा दोनदा फोन येऊन गेला होता, "अहो, निघालात का?" म्हणून. घाईच असणार. दुसरं काय असणार?

दुसरं काय असणार, हे बसच्या काचेत त्यांना दिसायला लागलं होतं, आणि त्यांनी नजर आत वळवली. आबा. शेवटचे अकरा दिवस आबा परिचारिका विद्यालयाच्याच रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर होते, खिडकीकडून तिसऱ्या खाटेवर. चाळीस वर्षं बसस्थानकावर ध्वनिक्षेपकापुढं बसून गाड्या सांगणारा माणूस. अमुक ठिकाणाहून येणारी, अमुक ठिकाणी जाणारी, फलाट क्रमांक चार. सगळ्या गावाच्या कानात त्यांचा आवाज होता, शाळेतली पोरं सचिवांना चिडवायची, "ए, तुझे बाबा बोलतायत बघ." आणि घरी? घरी तोंडाला कुलूप. आईनं विचारलं तर हूं, आणि मुलानं विचारलं तर "जेवलास का?" जेवलास का, हा एकच प्रश्न त्यांनी मुलाला आयुष्यभर विचारला, परीक्षेत पहिला आला तेव्हा आणि आई गेली तेव्हाही. रुग्णालयातही सचिव खाटेपाशी गेले की आबा डोळे उघडून म्हणत, "जेवलास का?" आणि पुन्हा मिटत. मग ते बाहेर येऊन बाकावर बसत, मांडीवर फाइल घेत. तेव्हाही सभा तोंडावर होती, आणि तेव्हाही ते पुढच्या आठवड्यात माणसं काय बोलणार आहेत ते लिहीत होते. नवव्या दिवशी दुपारी त्यांनी मान वर केली तर काचेपलीकडं आबांच्या खाटेशी एक शिकाऊ मुलगी स्टुलावर बसली होती. जाड चष्म्याची, हात मांडीवर ठेवून. हातात ना थर्मामीटर, ना तक्ता, ना कागद. आणि आबा बोलत होते. काचेतून आवाज येत नव्हता, ओठ तेवढे हलत होते. हात उचलून त्यांनी हवेत काहीतरी दाखवलं, लांबचं. मग हसले. सचिवांनी आबांना दात दिसतील असं हसताना कधी पाहिलं होतं, ते त्यांना आठवेना. मुलगी हसली नाही, मान हलवली नाही, काही विचारलं नाही. ती नुसती बसली होती, देवापुढं बसतात तशी, काही न मागता. पूर्ण एक तास. सचिव काचेला नाक लावून उभे होते आणि मांडीवरून घसरलेली फाइल पायाशी उघडी पडली होती. आत जावं असं त्यांना वाटलं, आणि गेलो तर आबा थांबतील आणि विचारतील, जेवलास का, हेही वाटलं. ते गेले नाहीत. दोन दिवसांनी आबाच गेले.

बाराव्या दिवसानंतर कामावर आल्या आल्या त्यांनी त्या मुलीला गाठलं. ती घाबरून चष्मा सारखा करत म्हणाली, "काका, ते सांगता येत नाही. तासाचा नियम आहे." कसला नियम, म्हणून ते तडक तळमजल्यावर मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेले. मोठ्या सिस्टर म्हणजे निवृत्त होऊनही या एका तासापुरत्या येणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या, गुडघे धरून चालणाऱ्या. तो तास त्यांनीच सुरू केलेला, वीस वर्षांपूर्वी. त्याला ना पुस्तक, ना परीक्षा. मुलीनं एका आजाऱ्यापाशी तासभर बसायचं. काही टोचायचं नाही, मोजायचं नाही, लिहायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि ऐकलेलं तिथंच ठेवायचं. परत आल्यावर मोठ्या सिस्टर एवढंच विचारत, "बसलीस?" मुलगी म्हणे, "बसले." झाला तास. नऊ भक्तींत पहिला पाट श्रवणाचा, असं त्या वर्गात सांगत आणि पोरी खाली मान घालून हसत. "मुलगा आहे मी त्यांचा," सचिव त्यांना म्हणाले. आवाज चढला होता हे त्यांना नंतर कळलं. "माझ्या बापानं काय सांगितलं ते मला कळू नये? हा कुठला अभ्यासक्रम?" मोठ्या सिस्टर गुडघा चोळत होत्या. त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत जराही राग नव्हता, हेच वाईट होतं. "ते त्यांनी तिला दिलं, भाऊसाहेब. तुम्हाला द्यायचं असतं, तर तुम्ही बाहेर बाकावरच होतात की." ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. त्यानंतर मोठ्या सिस्टर व्हरांड्यात समोरून आल्या की सचिव फाइलीत बघायला लागत. कधी कुणाला काही बोलले नाहीत. मनातसुद्धा काही म्हणाले नाहीत, असं त्यांना वाटत होतं. पण मन म्हणजे काय बैठकीची खोली आहे, दार लावलं की आत कोण बसलंय ते कळायला? दोन वाक्यं समोर होती. एकानं तो तास राहत होता, एकानं जात होता. हात एका वाक्याकडं गेला.

उतरायचा थांबा आला तेव्हा त्या दोघी आधी उतरल्या, हसत, पळत. फाटकातून आत शिरताना सचिवांनी स्वतःला समजावलं की अजून काही बिघडलेलं नाही. इतिवृत्त कायम व्हायचंय. पण नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा छापखान्यात गेला होता, वॉर्डांना कळवलं गेलं होतं. कागद एकदा चालायला लागला की त्याला पाय कुठून फुटतात देव जाणे. आणि वर अध्यक्षबाईंच्या ड्रॉवरमध्ये सचिवांच्या कायम नेमणुकीचं पत्र होतं. लिपिक म्हणून अकरा वर्षं इतिवृत्तं लिहून झाल्यावर गेली चार वर्षं ते ‘प्रभारी’ सचिव होते. परवाच बाई म्हणाल्या होत्या, "या सभेचं एवढं आटोपलं की सही करते मी तुमच्या पत्रावर, प्रभारी शब्दाची पीडा टळू दे." पत्र टाइपही त्यांनीच केलेलं होतं. बायकोनं पेढे सांगू का म्हणून विचारलं होतं, तेव्हा ते थांब म्हणाले होते. जिन्याच्या पहिल्या वळणावर, कठडा धरून, दम खात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. सचिवांचा हात सवयीनं फाइलीकडं गेला, पण जिना अरुंद होता. "आज मंडळ ना?" त्या म्हणाल्या. "हो." "माझा तास गेला म्हणे." सचिवांनी फाइल या काखेतून त्या काखेत घेतली. "जाऊ दे हो, जायचाच कधीतरी. माझे गुडघे तरी किती दिवस जिने चढणार? पण एक विचारू का? रागावू नका." त्यांनी पदरानं कपाळ टिपलं. "काय बोलले हो सगळे? वीस वर्षं घेतला मी तो. काढताना कोण काय बोललं, एवढं तरी सांगा. वाईट बोलले असले तरी चालेल. काहीतरी बोललेच असतील ना?" जिन्याच्या खिडकीतून ऊन त्यांच्या पांढऱ्या बुटांवर पडलं होतं. सचिवांनी तोंड उघडलं. दोन वर्षांपूर्वी तळमजल्यावरच्या खोलीत जो प्रश्न त्यांनी ओरडून विचारला होता, तो आज त्यांच्यापुढं पदर सावरून, हळू आवाजात उभा होता; आणि त्या वेळी द्यायला निदान उत्तर होतं, दिलं नव्हतं एवढंच. आज सचिवांपाशी तर काहीच नव्हतं. कोणी काही बोललंच नव्हतं. "उशीर होतोय," ते म्हणाले, आणि त्यांना ओलांडून वर गेले. पण प्रत्येक पायरीवर पाठीला त्या नजरेचं ओझं होतं.

सभेच्या खोलीत पंखा गुरगुरत होता. सचिव आपल्या कोपऱ्यात बसले. त्यांनी फाइल उघडली आणि आजचं इतिवृत्त पुढं घेतलं. होय, आजचं. कालच लिहून ठेवलेलं. ‘बाब १. मागील सभेचे इतिवृत्त वाचून सर्वानुमते कायम करण्यात आले.’ या बाबीला त्यांनी कधीच कंस केले नव्हते. पंधरा वर्षांत गरजच पडली नव्हती. हाडांच्या बाई बिस्किटं मोजत होत्या. औषधवाले सर म्हणाले, "भाऊसाहेब, चेहरा का उतरलाय? घरी काही?" "नाही, नाही." "मग पेढे कधी?" दोनतीन जण हसले. म्हणजे पत्राचं सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्षबाई आल्या, बसल्या, चष्मा लावला, आणि नेहमीच्या एका दमात म्हणाल्या, "मागचं इतिवृत्त सगळ्यांना पोचलंय, हरकत, नाही, कायम, बाब दोन." ‘हरकत’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये एका श्वासाची जागा असते. पंधरा वर्षं ती जागा तिथं होती आणि तिच्यात कोणी शिरलं नव्हतं. सचिवांच्या हातून पेन खाली पडलं. ते उचलायला वाकले, आणि टेबलाखालच्या अंधारात नऊ जोडी पावलं पाहून त्यांना वाटलं, इथंच राहावं. मग उठले. "मॅडम," ते म्हणाले, "एक हरकत आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "टायपिंगची ना? ती तुमची तुम्ही सुधारा. बाब दोन."

"बाब नऊ, मॅडम. तो ऐकण्याचा तास. त्या दिवशी ती बाब चर्चेला आली नव्हती."

औषधवाले सर समजुतीनं हसले. "असं कसं, भाऊसाहेब? चांगली चर्चा झाली की. मी स्वतः म्हणालो, लेखी पुरावा राहत नाही म्हणून."

"आणि मूल्यमापनाचा मुद्दा मी काढला होता," हाडांच्या बाई म्हणाल्या. "मला चांगलं आठवतंय. हे सर तेव्हा चहा गार झाला म्हणून कुरकुरत होते."

"चहा नेहमीच गार असतो. त्यात काय आठवायचंय?"

हशा पिकला. सचिवही थोडे हसले, आणि हसता हसता त्यांच्या पायाखालची फरशी सरकल्यासारखी झाली. ही माणसं खोटं बोलत नव्हती. हाडांच्या बाईंच्या डोळ्यांत आठवणाऱ्या माणसाच्या असतो तसा भाव होता. त्या खरोखरच तो दिवस पाहत होत्या, त्यात स्वतःला बोलताना ऐकत होत्या. मग आपलंच चुकलं असेल का? अध्यक्षबाईंचा फोन, पर्स, उठणारी माणसं हेच आपण मनानं रचलं असेल? नऊ माणसांना आठवतंय आणि एकाला नाही, तर वेडा कोण? बसावं खाली. "माझा घोटाळा झाला, माफ करा," एवढंच म्हणायचं. खुर्ची अगदी गुडघ्यामागं होती. संध्याकाळी पत्रावर सही. घरी पेढे. मोठ्या सिस्टरांना सांगता येईल : पुरावा नाही म्हणाले सर, मूल्यमापन नाही म्हणाल्या बाई. वाईट बोलले असले तरी चालेल, असं त्याच म्हणाल्या होत्या ना? आणि नेमक्या त्याच क्षणी काचेमागं हलणारे ते ओठ त्यांना दिसले, आवाज नसलेले. आणि त्या ओठांवर आपण दोन वर्षं आपल्याच मनातली वाक्यं बसवत आलो, आबा मुलाबद्दल बोलत असतील, पश्चात्तापानं बोलत असतील, नक्की मुलाबद्दलच, हेही. आबांचंही इतिवृत्त लिहून झालं होतं त्यांचं. त्यावर सही तेवढी व्हायची राहिली होती.

त्यांनी फाइलीच्या मागच्या कप्प्यातून गेल्या सभेआधीचा कच्चा कागद काढला. घडी पडलेला, कडेला चहाचा डाग असलेला. "मी वाचतो," ते म्हणाले. ध्वनिक्षेपकावरून गाडी सांगावी तसा आवाज निघाला. स्वच्छ आणि परका. "कंस. सदर तासाचे मूल्यमापन होत नसल्याकडे व त्याचा कोणताही लेखी पुरावा राहत नसल्याकडे काही सदस्यांनी लक्ष वेधले. साधकबाधक चर्चेअंती सदर तास अभ्यासक्रमातून वगळण्याचा निर्णय सर्वानुमते घेण्यात आला. कंस पुरा. दुसरा कंस. सदर तासामुळे रुग्णांना मिळणाऱ्या मानसिक आधाराकडे काही सदस्यांनी लक्ष वेधले. साधकबाधक चर्चेअंती सदर तास पूर्ववत ठेवण्याचा निर्णय सर्वानुमते घेण्यात आला. कंस पुरा." त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "सभा गुरुवारी होती. हा कागद मंगळवारी छापलाय. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. वेळ खाली आलीय. सर, तुम्ही जे बोललात ते मी मंगळवारी लिहिलं होतं. बाई, तुमचंही. दुसरं वाक्य राहिलं असतं तर आज तुम्हाला ते बोलल्याचं आठवलं असतं."

कागद या हातातून त्या हातात गेला. कोणी हसलं नाही. औषधवाल्या सरांनी तो उजेडात धरला, जसं काही मागच्या बाजूला आणखी काही लिहिलेलं असेल. "म्हणजे," ते हळूहळू म्हणाले, "आतापर्यंतची सगळी इतिवृत्तं…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. गेल्या पंधरा वर्षांची बांधीव रजिस्टरं मागच्या कपाटात ओळीनं उभी होती, आणि आता कोणीही त्या कपाटाकडं बघत नव्हतं.

"भाऊसाहेब, हे सभेत काढायचं नसतं," अध्यक्षबाई म्हणाल्या. आवाज खालचा होता, म्हणून जास्त धारदार. "आधी केबिनमध्ये येऊन सांगायचं. मी निस्तरलं असतं."

"तेच, मॅडम. निस्तरलं गेलं असतं."

हाडांच्या बाईंनी श्वास आत घेतल्याचं ऐकू आलं. अध्यक्षबाईंच्या गालावर एक लाल ठिपका उमटला, वाढला. ही पद्धत त्यांनीच शिकवली होती. ते खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि सचिवांनी ते सांगितलं नाही, सांगणारही नव्हते, हे बाईंना कळलं. पण कळून त्या मऊ झाल्या नाहीत. "एकच विचारते. चूक झाली, की केलीत?"

याचं उत्तर आधी लिहिलेलं नव्हतं. सचिवांनी स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. तर्जनीवर शाईचा निळा डाग, नखाशी सोललेली कातडी. देवानं माणसाला हात दिले, पण त्यांना काय माहीत असतं ते विचारायची सोय दिली नाही. मोठ्या सिस्टरांचा प्रश्न, काच, ‘बाहेर बाकावरच होतात की’, बायकोचा फोन, संगणकाचा पडदा, ती ओळ. "मला माहीत नाही, मॅडम," ते म्हणाले. "घाईत झाली म्हणालो तर तेही मी आता रचल्यासारखं होईल. माझा राग होता त्या तासावर. घरचा राग होता. एवढं खरं आहे. वाक्य माझ्या हातानं राहिलं. पुढचं मला माहीत नाही."

अध्यक्षबाई सगळ्यांकडं बघत म्हणाल्या, "जबाबदारीच्या जागेवर माणूस पारखूनच नेमावा, म्हणतात ते काही खोटं नाही," आणि पत्राचं काय झालं ते त्या एका वाक्यात खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. पेढ्यांबद्दल विचारणारे सर बिस्किटाचा तुकडा बोटानं चुरत होते. बायकोला काय सांगायचं, हा विचार आला आणि कुठंतरी खाली जाऊन बसला. सचिव उभेच होते. बसा म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्या थकलेल्या दिसल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "मागचं इतिवृत्त बाब नऊ सोडून कायम. बाब नऊ आता घ्या. छापखान्याला थांबायला सांगा. बसा, भाऊसाहेब. लिहा. ठेवायचा असेल तर ठेवू, काढायचा असेल तर काढू, पण बोला बाबा काहीतरी. कोण बोलतंय?"

सचिव बसले. पुढ्यातल्या कागदावरची बाब एकची ओळ त्यांनी खोडली. पेन कागदात रुतलं, थोडं फाटलं. खाली बाब नऊ म्हणून लिहिलं आणि पुढची जागा कोरी राहिली. एकही वाक्य तयार नव्हतं, कंसातसुद्धा नव्हतं. एवढी मोठी कोरी जागा त्यांनी सभेच्या कागदावर कधी पाहिली नव्हती. दोन मजले खाली मोठ्या सिस्टर कुठल्यातरी पायरीवर दम खात असतील. त्यांना संध्याकाळी काय सांगायचं ते अजून घडायचं होतं, आणि ते चांगलंच घडेल असं मुळीच नव्हतं.

हाडांच्या बाईंनी घसा साफ केला. "माझा विरोधच आहे," त्या म्हणाल्या. पंधरा वर्षांची सवय; सचिवांचा हात आपोआप कागदाशी गेला आणि ‘वि’ उमटला.

"पण," बाई म्हणाल्या, आणि थांबल्या. त्यांच्या कपाळावर एक आठी होती, शोधणारी. पुढं आपण काय बोलणार आहोत हे त्यांनाही माहीत नसावं.

सचिवांनी पेन खाली ठेवलं. दोन्ही हात मांडीवर घेतले, आणि त्यांच्याकडं बघत बसून राहिले.